"घरबसल्या गुगल करून" म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार. तुमची कमेंट वाचली, दोनदा वाचली. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, खुलताबादच्या थडग्यांवरच्या माझ्या लेखाबद्दल यांचं म्हणणं असं की हैदराबादचा पहिला निजाम औरंगाबादला वारला हे चूक, एवढी मोठमोठी माणसं नेमकी इथेच का पुरली हे लेखात कुठेच नाही, मलिक अंबरला नको तेवढं डोक्यावर घेतलंय, आणि शेवटी, "घरबसल्या गुगल करून इतिहास पाडू नका."

निजामाचं मान्य. 1748 मध्ये तो बुऱ्हाणपूरला वारला आणि मग त्याला खुलताबादेत आणून पुरलं. दुरुस्त केलंय, आभार. चूक दाखवली म्हणून मला कधीच राग येत नाही.

पण "घरबसल्या"?? अहो, माझं आजोळ वेरूळचं. श्रावणातल्या शनिवारी मामीबरोबर घाट चढून खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी जायचो आम्ही, चौथीत असल्यापासून, आणि मामी दमून कुठे टेकली की आम्ही पोरं थडग्यांकडे पळायचो. औरंगजेबाच्या कबरीवर छप्पर नाही, नुसती माती आणि त्यात सब्जाचं रोप, हे मला तिथल्या एका म्हाताऱ्या चाचांनी हाताला धरून दाखवलंय, आणि भोवतीची संगमरवरी जाळी खूप नंतरची, लॉर्ड कर्झनच्या वेळची, हेही त्यांनीच सांगितलं. तेव्हा गुगल कुठे होतं हो? घरात फोनसुद्धा नव्हता.

आणि मलिक अंबर. त्याच्या मकबऱ्याकडे तेव्हा कुत्रं फिरकत नसे, बाहेर शेळ्या, आत पारव्यांचं घुमणं, मामा म्हणायचा तिकडे नका जाऊ साप असतात. गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी माणूस, अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभार हाकतो, 1610 मध्ये खडकी वसवतो म्हणजे आजचं संभाजीनगरच, तिला नहरीचं, म्हणजे जमिनीखालच्या पाटाचं, पाणी आणतो, 1624 मध्ये भातवडीला मुघल आणि आदिलशाही फौजा एकदमच लोळवतो, शहाजीराजे त्याच्या बाजूने लढतात, त्यांचे भाऊ शरीफजी तिथेच पडतात, आणि 1626 मध्ये मेल्यावर हा माणूस इथे गावाबाहेर निजतो. त्याला चार परिच्छेद दिले तर तुमच्या पोटात का दुखावं? औरंगजेबावर रोज टीव्ही बोलतोच की.

राहिलं "इथेच का". जैनुद्दीन शिराझी, बुऱ्हाणुद्दीन गरीब या सूफींच्या दर्ग्यांजवळ पुरलं जावं ही त्या लोकांची ओढ, एवढं मलाही कळतं. दुसऱ्या भागात येणारच होतं ते. सगळं एकाच लेखात कोंबायचं का?

कमेंट उडवलेली नाही, तशीच ठेवलीय. फक्त पुढच्या वेळी "एक अभ्यासक" असं न लिहिता नाव टाकून लिहा, म्हणजे मलाही कळेल आपण किती वेळा घाट चढलाय ते.