कढीपत्ता, अळ्या आणि ह्यांची स्कूटर

आमच्या घरातल्या फोडणीत कढीपत्ता पडून बरेच दिवस झालेत. झाड आहे, नाही असं नाही, मागच्या दारात ड्रममध्ये लावलेलं चांगलं माझ्या उंचीचं झाड आहे, पण सध्या त्याच्यावर नुसत्या काड्या आहेत आणि त्या काड्यांवर आडव्या पडलेल्या हिरव्यागार अळ्या आहेत ज्यांना अजून भूक आहे.

पावसानं जरा उघडीप दिली की कॉमन मॉरमॉन नावाचं काळं फुलपाखरू कॉलनीत फिरायला लागतं. ह्यातली बाई लय चोखंदळ. पानावर पाय आपटून आपटून आधी चव बघणार (खरंच पायानं, त्यांची चव घ्यायची सोय पायात पण असते), मग कोवळं पान पसंत पडलं की एक पिवळसर गोल अंडं चिकटवून पुढं. एका जागी ढीग घालत नाही, एकेक करून अख्ख्या झाडाला वाटत जाते. तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते आणि पहिल्यांदा स्वतःच्या अंड्याचं टरफल खाते. तिथंच ओळखायला पाहिजे की पुढं काय वाढून ठेवलंय.

लहानपणी ही अळी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, तपकिरी-पांढरी, ओली चकचकीत, म्हणजे पाखरांनी खाऊ नये म्हणून घेतलेलं सोंग. पाखरं फसतात का माहीत नाही, आमच्या सासूबाई फसल्या. ओलं फडकं घेऊन पानं पुसायला निघालेल्या. मी सांगितलं आई थांबा ही अळी आहे, तर एक बोटानं टोचून बघितलीच, आणि त्या अळीनं डोक्यामागून दोन लाल शिंगं फाटकन बाहेर काढली आणि असा उग्र आंबूस वास सोडला की आई दोन पावलं मागं. "अगं काय पोसायलीस हे! मी म्हणतो, औषध मार आन मोकळी हो."

मी मुंग्यांच्या आणि गांधीलमाश्यांच्या भीतीनं काही अळ्या घरात घेतल्या होत्या. श्रीखंडाचा मोठा डबा, वर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा, आत छोट्या बाटलीत पाणी घालून कढीपत्त्याची डहाळी, आणि बाटलीच्या तोंडाला कापूस गच्च, नाहीतर ह्या खुळ्या उतरून उतरून पाण्यात जातात. खाली रोज 'पुढारी'चा ताजा कागद, कारण जेवढं आत जातं तेवढं बाहेरही येतं. रात्री घर शांत झालं की त्या लेंड्या कागदावर टपटप पडायचा आवाज येतो, हे झोपेतून उठून विचारतात नळ गळतोय का.

खरी परीक्षा चौथ्यांदा कात टाकल्यावर. तोपर्यंत बिचारी चिमटीत मावेल एवढी, आणि मग हिरवी होऊन जी खायला बसते ती गंगावेश तालमीतला पैलवान मैदानाच्या तोंडावर खुराकाला बसावा तशी. जन्मभराचं बहुतेक खाणं ह्याच टप्प्यात. पानाची कड पायात धरायची, डोकं वरून खाली नेत एक अर्धगोल कापायचा, परत वर, परत खाली, आणि बघता बघता पानाच्या जागी मधली शीर उरते, मग ती पण नाही.

झाड संपल्यावर माणूस काय करणार. कपिलतीर्थ मार्केटात जुडी मिळते की, पण ती चालत नाही, फवारलेली असली तर संपलंच. आपण धुऊन खातो, ढेकर देतो, अळी मात्र हिरवं पाणी ओकून आडवी होते. म्हणून मग गल्लीत दारोदार. "काकी, तुमच्या कढीपत्त्यावर औषध मारलंय काय हो?" आधी कौतुकानं दोन डहाळ्या मिळाल्या. मग शेजारच्या काकींनी विचारलंच, "काय गं, रोज न्यायलीस, हॉटेल काढलंस का काय?" अळ्यांना पाहिजे म्हटल्यावर त्या गप्पच झाल्या. त्यांच्याकडं ह्याच अळ्यांसाठी नीमतेलाची बाटली आणून ठेवलेली होती.

त्यातच गौरी-गणपती. घरात पाहुणे, आणि मोठ्या नणंदबाईंनी वाटीत बघून विचारलं की कढीत कढीपत्ता कसा नाही. आईंनी माझ्याकडं बोट केलं. मी डब्याकडं.

सगळं खाऊन झालं की अळीचं एकदम मन उडतं. पोट साफ करते, पातळ घाण करते, आणि चालायला लागते, झाडावर थांबायचं नाही म्हणजे नाही, कोष करायला लांब कुठंतरी जायचं. बाहेरच्यांपैकी एक अशीच निघाली आणि सकाळी सापडली ती ह्यांच्या स्कूटरच्या आरशाच्या दांडीवर. शेपटीशी रेशमाची गादी, कमरेला रेशमाचा बारीक पट्टा, रंग बेमालूम तपकिरी. मी सांगितलं, अहो आठ-दहा दिवस गाडी काढू नका.

"आणि ऑफिसात काय सांगू? गाडीवर बाळंतपण आहे म्हणून?"

केएमटीच्या बसनं गेले. रोज जाताना त्या कोषाकडं असं बघायचे की मला वाटायचं तो आतल्या आत घाबरत असेल. एकदा म्हणाले निदान ब्लू मॉरमॉन तरी असतं, २०१५ पासून राज्य फुलपाखरू आहे, साहेबाला सांगायला बरं पडलं असतं. डब्यातल्या एका कोषाला तर बारीक भोक पडलं आणि आतून फुलपाखराऐवजी चिमुकल्या परजीवी माशांचं खटलं निघालं. एवढा कढीपत्ता त्यांना चारला आम्ही.

स्कूटरवालीचं मात्र नीट झालं. सकाळी सकाळी कोष फाटला, चुरगळलेले पंख घेऊन दांडीला लटकली, पंखांत पाणी भरत भरत सरळ केले आणि सीटवर लालसर थेंब टाकून मोकळी झाली. पण आई हिरमुसल्या. कारण कॉमन मॉरमॉनच्या काही माद्या हुबेहूब कॉमन रोज ह्या विषारी फुलपाखरासारख्या दिसतात, पाखरांना धाक म्हणून, आणि ही त्यातलीच, पंखावर लाल ठिपके, मध्ये पांढरा डाग. आईंनी पुस्तकातलं चित्र बघून ठेवलेलं, काळं आणि पांढऱ्या ठिपक्यांची एक ओळ, म्हणजे नर. "हे आपलं न्हवं," म्हणाल्या, "कुणीतरी बदललंय." मी समजावलं, पटलं नाही. नणंदेला फोनवर पण तसंच सांगितलं.

सीट पुसून गाडी परत ह्यांच्या ताब्यात दिली. काल आईंनी मला हळूच बाहेर बोलावलं. आणखी एक अळी झाडावरून उतरून कट्ट्यावरून चाललेली, सरळ ह्यांच्या हेल्मेटकडं. मी म्हटलं उचलून दुसरीकडं ठेवते.

"राहू दे की," आई म्हणाल्या, "तसंबी तो कुठं घालतोय."