आंब्याचा वास

रात्री नऊला क्लास सुटले की लातूरच्या ट्यूशन एरियातल्या आमच्या टपरीवर पोरांची झुंबड उडते. काल ती ओसरल्यावर सलीमभाईनं खिशातून एक वस्तू काढून बाकड्यावर ठेवली. बोटाएवढी, निळी, पेन ड्राइव्हसारखी. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. "अकरावीचं पोरगं घेऊन आलं, चार्ज होईना म्हणून. हुंगून बघितलं तर आंब्याचा वास."

बाल्यानं लगेच ओळखली. "व्हेप हाय की, ई-सिगारेट! कशाला भ्यायलेत सगळे? धूर नाही, तंबाखू नाही. नुसती वाफ."

व्यंकट मेडिकलवर बसतो. तो तापलाच. "वाफ आपण सर्दीला घेतो, ती. ह्यात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, फ्लेवर आन् निकोटीन हाय. आतली कॉइल, म्हंजी तापणारी तार, तापली की तिच्या धातूचे कणबी छातीत जायलेत."

"ग्लिसरीन तर खोकल्याच्या औषधातबी असतंय."

"पोटात जाणं येगळं, फुप्फुसात जाणं येगळं, बाल्या." मग त्यानं अमेरिकेतल्या मिझुरीमधल्या पॉपकॉर्न कारखान्याची गोष्ट सांगितली. लोण्याच्या वासासाठी डायअसिटिल वापरायचे. खाणाऱ्याला त्याचं काही नाही. पण कारखान्यात रोज ती वाफ हुंगणाऱ्या कामगारांच्या फुप्फुसातल्या बारीक नळ्या कायमच्या आकसल्या. 2000 साली हे उघडकीला आलं. तोच पदार्थ पुढं काही व्हेपच्या फ्लेवरमध्ये सापडला.

"मग इंग्लंडात सिगारेट सोडवायला हेच कामून देतेत?"

बाल्याचं हे खोटं नाही. जळत्या तंबाखूपेक्षा नुकसान कमी, म्हणून तिथं मोठ्या माणसांना व्हेपकडं वळवतात. पण त्याच देशात 18 वर्षांखालच्यांना विकायला बंदी आहे, आणि जून 2025 पासून वापरून फेकायच्या व्हेपही बंद झाल्या. मी एवढंच विचारलं, की हे पोरगं कोणती सिगारेट सोडायलंय? त्यानं बिडीसुद्धा कधी ओढली नसेल. मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते, आणि त्या वयात निकोटीनची सवय लवकर जडते.

बाल्या मग हुक्क्यावर आला. पाण्यातून गाळून येतो, आज्याची गुडगुडी होती, काय झालं त्याला? पाण्यानं धूर गार होतो, विष गाळलं जात नाही. आणि गार धूर माणूस जास्त खोल ओढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते तासाभराच्या बैठकीत एका सिगारेटच्या शंभर ते दोनशेपट धूर आत जातो. त्यात कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड. 'हर्बल' म्हटलं तरी कोळसा तोच जळतो. राज्यात 2018 पासून हुक्का पार्लरवर बंदी आहे, म्हणून आता हे शेतातल्या शेडमध्ये, दार लावून चालतं. बंद खोलीत तो वायू कोंडतो, ही मला सगळ्यात भीतीची गोष्ट वाटते.

"आन् ह्याचं काय?" सलीमभाईनं निळ्या वस्तूकडं बोट केलं. 2019च्या कायद्यानं ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं, साठवणं सगळंच देशात बंद आहे.

"मग पोराला मिळाली कुठून?" बाल्यानंच विचारलं. कुणाकडं उत्तर नव्हतं.

खरं भांडण त्यापुढं झालं. व्यंकट म्हणाला, आत्ता बापाला फोन लाव. बाप अहमदपूरकडचा, सोयाबीन विकून फी भरलेली. बाल्या उसळला, "मारून गावाकडं नेईल त्याला. शिक्षणच तुटंल."

मला आई आठवली. दहावीत मी बिडी ओढून घरी गेलो, तर तिनं दारातच शर्टाचा वास ओळखला होता. पुन्हा हात लावायची हिंमत झाली नाही. ह्या पोराच्या आईला काय कळणार? आंबा खाल्ला असेल, एवढंच.

शेवटी सलीमभाईनं ती वस्तू खिशात टाकली. "मी दुरुस्त करून देणार नाही. उद्या दहाला येणारंय पोरगं. आधी त्याच्याशीच बोलू. तुम्ही तिघंबी या. बाल्या, तू तर येच."

व्यंकटनं सिगारेटच्या रिकाम्या पाकिटावर तंबाखू सोडवायच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर लिहून दिला, 1800-11-2356.