बंदुकीचा बार होत नाही म्हणून दारू वाढवू नका

पावसाळा लागला की आमच्याकडे एक मेसेज फिरायला लागतो. ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची जुनी बंदूक ओल्या दिवसांत दगा देत असेल तर चार उपाय करा म्हणे: दारू दीडपट घाला, निपलचं (टोपी बसवायच्या नळकांड्याचं) भोक मोठं करून घ्या, नळीत तेल सोडून ठेवा, आणि बार झाला नाही तर लगेच नवी टोपी (ठोक्याने फुटून ठिणगी पाडणारी) लावून पुन्हा चाप ओढा. ब्रह्मपुरीकडच्या धानपट्ट्यात पीक राखायला म्हणून परवान्यावर मिळालेल्या अशा बंदुका अजून काही घरांत आहेत. आमच्याही घरी आबाजींच्या वेळची एक आहे. हा मेसेज वाचून कुणी तरी डोळा गमावेल याची मला खरोखर भीती वाटते, म्हणून लिहितो आहे.

आधी दारूचं. चाप ओढला की घोडा, म्हणजे वरचा हातोडा, टोपीवर पडतो, टोपी फुटते, तिची ठिणगी निपलच्या भोकातून आणि पुढच्या बारीक वाटेतून दारूपर्यंत जाते. ठिणगी वाटेतच अडली तर दारू दीडपट घाला की दुप्पट, ती आत तशीच पडून राहते. मग कधी तरी वाट मोकळी होते आणि तो जादा भार गंजाने आतून खड्डे पडलेल्या जुन्या लोखंडावर येतो. काही जण त्यात काडतुसातली दारू मिसळा असंही सांगतात. ते तर कधीच करू नका. तिचा दाब या बंदुकीत घालायच्या काळ्या दारूच्या कितीतरी पट असतो, नळी फाटते.

मग ठिणगी अडते कशाने? मुख्य गोष्ट इथेच आहे. काळ्या दारूत साधारण 75 भाग सोरा, 15 भाग कोळसा आणि 10 भाग गंधक असतं. ती जळते तेव्हा निम्म्याहून जास्त वजनाचे घन पदार्थ उरतात, काही धुरातून जातात आणि बाकीचे नळीत चिकटतात. त्यात क्षार असतात आणि ते हवेतली ओल ओढतात. श्रावणात रात्री एक बार करून बंदूक तशीच भिंतीला टेकवा आणि सकाळी गजाला पांढरी चिंधी गुंडाळून तळापर्यंत घाला. चिंधी काळ्या, ओल्या चिखलाने भरून येते, तिला सडक्या अंड्यासारखा वास मारतो. हाच चिखल बारीक वाटेत जाऊन बसतो आणि वाळला की बूच होतो.

आता तेल. क्षार तेलात विरघळत नाहीत, राकेलमध्येही नाहीत. ते पाण्यातच विरघळतात. बार केल्यावर बंदूक पूर्ण रिकामी आहे याची खात्री करून, निपल काढून, नळी कडक गरम पाण्याने पाणी नितळ येईपर्यंत धुवायची. गरम पाण्याचा दुसरा फायदा म्हणजे लोखंड तापतं आणि आपलं आपणच वाळतं. मग कोरडी चिंधी, आणि शेवटी तेलाचा पातळ हात. तेल हे ठेवणीसाठी असतं. भरण्याआधी ते पुसून काढलं नाही तर तळाशी साचतं आणि नवी दारू भिजवतं. आबाजी भरण्याआधी एक चाचणी करत. गज आत सोडून त्यावरच्या खुणेने नळी रिकामी असल्याचं बघायचे, मग नुसती टोपी लावून नळीचं तोंड धुऱ्यावरच्या (शेताच्या बांधावरच्या) गवताच्या पात्याजवळ धरायचे. टोपी फुटली आणि पातं हललं, तर वाट मोकळी. नाही हललं तर बंदूक परत धुवायला.

निपलचं भोक मोठं करण्याचा सल्ला सगळ्यांत वाईट. त्या भोकातून ठिणगी आत जाते तसा बाराचा दाब बाहेरही येतो. भोक बारीक असतं ते त्यासाठीच. मोठं केलं की दाब घोड्याला मागे उचलतो आणि टोपीच्या पत्र्याचे तुकडे तोंडावर उडतात. माझ्या काकांच्या भुवईत असाच एक तुकडा घुसला होता, डोळ्यापासून बोटभर वर. फिरत्या मिस्त्रीने भोक वाढवून दिलं होतं. निपल झिजली असेल तर परवानाधारक कारागिराकडून नवी बसवून घ्या. आणि टोपी पहिल्या ठोक्याला न फुटता दुसऱ्याला फुटत असेल तर भोकाचा काही दोष नसतो. टोपी पूर्ण बसलेली नसते, पहिला ठोका तिला बसवण्यातच जातो, नाही तर घोड्याची स्प्रिंग ढिली झालेली असते.

राहिला शेवटचा सल्ला, लगेच नवी टोपी लावण्याचा. ओलसर दारू कधी कधी आत धुमसत असते आणि उशिरा पेटते. टोपी फुटली आणि बार झाला नाही, तर बंदूक खांद्यावरून उतरवू नका, तोंड मोकळ्या दिशेला ठेवा आणि निदान 1 मिनिट जागचे हलू नका. त्या मिनिटात निपलकडे वाकायचं नाही, नळीत डोकवायचं नाही, धुऱ्यावर उभ्या असलेल्या पोरांना जवळ येऊ द्यायचं नाही. रानडुक्कर तोवर पळून जाईल, जाऊ द्या. तसंही वनखात्याच्या परवानगीशिवाय त्याच्यावर बार करता येत नाही.