‘ठोकलेली स्पोर्ट्स कार अर्ध्या पैशात उभी करा’ म्हणणाऱ्या रीलवाल्या भाऊले उत्तर

ते रील आता आमच्या दारव्हा-दिग्रसकडच्या हर ग्रुपवर फिरून रायलं. सोयाबीनचा पैसा हाती आला की पोरं तेच पाहत बसतात. म्हणणं असं का इन्शुरन्सच्या लिलावातून टोटल लॉसची मस्टँग नाही तर ऑक्टाव्हिया आरएस चौथाई भावात उचला, इंजिन चालू असलं म्हणजे झालं, पार्ट भंगारातून आणा, गावातला मिस्त्री स्वस्तात उभी करून देते, मग चालवा नाही तर डबल भावात विका. एकेक घेतो.

"चौथाई भावात मिळते." मिळते ना, पण काहून मिळते ते भाऊ सांगत नाही. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, 75 टक्क्यांवर गेला की कंपनी टोटल लॉस धरते. समजा आयडीव्ही 20 लाख, म्हणजे सर्व्हेअरनं खर्च 15 लाखांच्या वर काढला, अन् तुम्ही ते धूड 5 लाखात उचललं, तर बेरीज 20 च्या पुढं गेली, अन् तेवढ्यात तशीच न ठोकलेली गाडी मिळते जी त्याच दिवशी चालवत घरी आणता येते. आता म्हणाल गावात मजुरी स्वस्त हाय. हाय ना, पण असल्या गाडीच्या एस्टिमेटमधे मजुरी थोडी राहते, पैसा सारा पार्टचा असते.

"इंजिन चालू म्हणजे गाडी चांगली." सगळ्यात मोठा घोळ हाच. समोरून ठोकली की रेडिएटर, कंडेन्सर, इंटरकूलर पहिले जातात, अन् यार्डात येणारं हर गिऱ्हाईक तेच बिनापाण्याचं इंजिन स्टार्ट करून रेस देऊन पाह्यते, इंजिन तापून हेड गॅस्केटची (इंजिनच्या डोक्याखालच्या सीलची) वाट तिथंच लागते. बरं इंजिन बदलता तरी येते, बॉडीचं काय? या गाड्या मोनोकॉक, ट्रकसारखी खाली वेगळी चेसिस नाही, एप्रन (बोनेटखालचा बाजूचा पत्रा) अन् पिलर (छत धरणारे खांब) हेच सारं वजन धरतात. ते वाकले तर मोजमापाच्या बेंचवरच खेचावे लागतात, अन् पिलरचं हाय-स्ट्रेंथ स्टील गॅसनं लाल केलं का त्याची ताकद गेली. आमच्या मिस्त्रीच्या हाताले तोड नाही, ट्रॉली म्हणा बोलेरो म्हणा झकास सरळ करते, पण झाडाले साखळी बांधून खेचलेली स्पोर्ट्स कार दिसाले सरळ दिसते अन् शंभरच्या पुढं एका बाजूले ओढते, टायर आतून खाते. अन् तुम्ही तर ती समृद्धीवर पळवाले घेऊन रायले.

एअरबॅगचा रीलमधे शब्द नाही. फुटल्या असतील तर नुसत्या बॅगा नाही, मॉड्युल, ठोकल्यावर सीटबेल्ट आवळणारे प्रीटेन्शनर, बहुतेक डॅशबोर्डपण नवा. काही जण तिथं रेझिस्टर लावून मीटरवरचा लाइट बंद करतात अन् वरून कव्हर चिकटवतात. हे जुगाड नाही राजा, बसणाऱ्याच्या जिवाशी खेळणं हाय.

"पार्ट भंगारातून." ऑक्टाव्हिया आरएसचं थोडं तरी जमते, दारं-काचा साध्या ऑक्टाव्हियाच्या बसतात. पण आरएस 245 भारतात आल्याच फक्त 200, तिचा समोरचा बंपर दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोण ठेवून बसलं? मस्टँगची तर फोर्डनं 2021 मधे इथली फॅक्टरीच बंद करायचं जाहीर केलं, अन् तशीही ती बाहेरूनच येत होती, म्हणजे एक हेडलाइट हवा असला तरी परदेशातून मागवा, वरून कस्टम ड्युटी. तोवर गाडी गोदामात सोयाबीनच्या पोत्यांजवळ उभी अन् उंदीर वायरिंग खाऊन रायले.

"कागदं काय, होऊन जातात." नाही होत. मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 प्रमाणं गाडी कायमची निकामी झाली तर मालकानं 14 दिवसांत आरटीओले कळवावं लागते अन् आरसी रद्द होते. आरसी रद्द असलेली गाडी तुम्ही सोन्यानं मढवा, ती रोडवर येत नाही, पार्टसाठीच घ्यायची. म्हणून बोली लावायच्या आधी वाहन पोर्टलवर नंबर टाका, बँकेचा बोजा अन् चालान पाहा, दुसऱ्या राज्यातली असली तर एनओसी अन् इथला रोड टॅक्स धरा. चेसिस नंबर स्वतःच्या डोळ्यानं पाहा, काहून का टोटल लॉसच्या कागदावर चोरीच्या गाड्या चालवायचा धंदा पोलिसांनी कितीकदा पकडला हाय.

डबल भावात विकायचं तर सोडूनच द्या. असली गाडी घेणारा माणूस रंगाची जाडी मोजणारा पेंट मीटर घेऊन येते, सर्व्हिस सेंटरमधून क्लेमची हिस्ट्री काढते, अन् पुटी सापडली का चहा न पिताच जाते.

तरी हौस असलीच, अन् हौसेले मी नाही म्हणत नाही, तर मागून ठोकलेली पाहा. बॅगा न फुटलेली, आरसी जिवंत, डिकीतलं कार्पेट उचलल्यावर खालचा पत्रा न चुरगळलेला. अशी भेटली तर मले फोन करा, टॉर्च घेऊन मीच येतो पाह्याले.