खिचडी कुणी करपवायची?

रविवारी सकाळी मी इकडे इंग्लंडात चहाचं आधण ठेवतो तेव्हा तिकडे लातुरात दुपारची जेवणं उरकलेली असतात, आणि ताईचा फोन येतो. ऑगस्टपासून फोनचा विषय एकच आहे. भाचा आठवीत आहे, शाळेच्या स्काउट पथकात आहे आणि हिवाळ्यात राज्यपातळीवरचा मोठा मेळावा आहे. पाच दिवस, मुक्काम तंबूत. पाठवायचं का नाही?

घरच्या ग्रुपवर यावर जेवढा ऊहापोह झाला तेवढा आमच्या वाटणीवरही झाला नव्हता. दाजींचं म्हणणं, फाउंडेशनचे, म्हणजे नीट-जेईईच्या आधीपासूनच्या तयारीच्या क्लासचे, पाच दिवस बुडतात, ते कोण भरून देणार? ज्या गावाच्या नावानं ‘लातूर पॅटर्न’ ओळखला जातो तिथं आठवीतलं लेकरू पाच दिवस क्लासला नसणं म्हणजे जवळजवळ घरातून पळून जाण्यासारखंच. ताईची काळजी निराळी : “तिथं ताटं कोण धुणार? ह्याला घरी पाण्याचा तांब्या उचलून माहीत नाही.” चुलत्यांनी तर विषयच मिटवला. जून २०२५मध्ये शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी पहिलीपासून प्राथमिक लष्करी प्रशिक्षण देण्याचं जाहीर केलं, अडीच लाख माजी सैनिकांची मदत घेऊ म्हणाले. आता खरी शिस्त येणारच आहे, मग दोरीच्या गाठी मारत कशाला बसायचं, असा काकांचा सवाल. मेळाव्याच्या बाजूनं ग्रुपवर एकच मुद्दा पडला होता : दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणे.

मला विचारतात, कारण मी लेस्टरजवळच्या गावात राहतो आणि दर शुक्रवारी संध्याकाळी इथल्या स्काउट ग्रुपमध्ये मदतीला जातो. परदेशातला माणूस म्हणजे दोन्हीकडचं कळणारा, असा घरच्यांचा समज आहे. तो मी इतकी वर्षं जपलाय.

काकांच्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण तो सगळ्यात जास्त चालतो. स्काउट चळवळ सुरू करणारा बेडन-पॉवेल स्वतः लष्करातला माणूस. दक्षिण आफ्रिकेत मॅफेकिंगचा २१७ दिवसांचा वेढा त्यानं झेलला आणि त्यावरच नाव कमावलं. पण १९०७च्या ऑगस्टमध्ये तो इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर वीसेक पोरं घेऊन पहिल्या स्काउट छावणीला गेला तेव्हा त्यानं त्यांना कवायतीला उभं केलं नाही. निम्मी पोरं बड्या घरची, निम्मी गावातली साध्या घरची. त्यांचे चार संघ पाडले, प्रत्येकावर एक जरा मोठं पोरगं नेमलं आणि संघाचं बरंवाईट त्या पोराच्या गळ्यात घातलं. सगळी गोम इथंच आहे. स्कार्फ, शिट्टी, डाव्या हातानं हस्तांदोलन हे सगळं दुय्यम. तेरा वर्षांच्या मुलानं सात जणांचं जेवण वेळेवर करून दाखवायचं, आणि नाही जमलं तर त्या सात जणांच्या तोंडाकडं बघायचं. माजी सैनिक कितीही भला असला तरी हे त्याला शिकवता येणार नाही. तो समोर उभा असेपर्यंत जबाबदारी त्याचीच असते.

पण हे ज्ञान मला शाळेत मिळालं म्हणाल तर नाही. मी लातूर जिल्ह्यातल्या औशात शिकलो. नव्वदीच्या दशकात आमचंही पथक होतं. शनिवारी सकाळची शाळा, खाकी चड्डी, ‘दया कर दान भक्ति का’ आणि रांग सरळ नसेल तर पोटरीवर छडी. एकदा जिल्हा मेळाव्याला गेलो. आमच्या छावणीच्या प्रवेशद्वाराला पहिलं बक्षीस मिळालं. बांबूचं दुमजली द्वार, वर मनोरा, मनोऱ्यावर झेंडा. ते रात्री मंडपवाल्याच्या दोन माणसांनी उभं केलं होतं. सकाळी फोटोसाठी आम्हाला एकेक दोरी हातात धरायला दिली. माझ्या हातातली दोरी कशालाच बांधलेली नव्हती. स्वयंपाकाला आचारी होता. मला चौकोनी बांधणीची खरी गाठ पहिल्यांदा मारता आली ती वयाच्या अडतिसाव्या वर्षी, लेस्टरच्या पावसात, अकरा वर्षांच्या मुलीनं शिकवली म्हणून.

इथल्या तयारीचं सांगतो. उन्हाळ्यात मोठा कॅम्प असला की आमचा ग्रुप मार्चपासून लागतो. संघानं बसून पाच दिवसांचा बेत लिहायचा, माणशी किती पौंड ते ठरलेलं, दुकानात जाऊन सामान त्यांनीच आणायचं. गेल्या वर्षी एका संघानं सगळे पैसे सॉसेजवर घालवले आणि शेवटचे दोन दिवस पावावर काढले. आम्ही मोठे बघत बसलो. बघत बसणं हेच तिथं आमचं काम, आणि त्याइतकं अवघड काम मी ऑफिसातही करत नाही.

म्हणून इथलं सगळं छान, असं लिहिलं की लेख संपला असता. पण २०२३च्या ऑगस्टमध्ये दक्षिण कोरियात सेमांगमला जागतिक जांबोरी, म्हणजे जगभरच्या स्काउटांचा मेळावा, झाली, तेव्हा काय झालं ते आठवा. ४० हजारांवर मुलं, समुद्र हटवून केलेली सपाट जमीन, झाड नाही, सावली नाही, साचलेलं पाणी, अपुरी नि घाण स्वच्छतागृहं. उन्हानं शेकडो जण आजारी पडले. ब्रिटनची साडेचार हजारांची तुकडी पहिल्याच आठवड्यात छावणी सोडून सोलच्या हॉटेलांत गेली, मग अमेरिकेची निघाली आणि शेवटी वादळ येतंय म्हणून सगळीच छावणी रिकामी केली. एवढी पुढारलेली राष्ट्रं, एवढी वर्षांची तयारी. इकडे त्यावर महिनाभर चर्चा चालली. मला मात्र मनात येत होतं, लातूर-बीडची एखादी म्हातारी जागा बघायला नेली असती तर तिनं पहिल्याच दिवशी विचारलं असतं, सावली कुठाय आणि पाणी कुठून येणार?

पाण्याचंच घ्या. दिवाळीत मी गावी गेलो तेव्हा भाच्याला सहज विचारलं, आठ जणांच्या संघाला दिवसाचं पाणी किती लागेल? शुक्रवारच्या मुलांना हा प्रश्न टाकला की ती मोबाइल काढतात. ह्यानं बोटं मोजली. प्यायला एवढं, स्वयंपाकाला एवढं, भांडी आधी राखेनं घासायची आणि मग दोनच पाण्यांत काढायची, पहिल्या पाण्याचं दुसऱ्यांदा काम करायचं. कोण शिकवलं? कुणीच नाही. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा तो चार-पाच वर्षांचा होता, त्याला ते आठवतही नाही. पण रोज नळ न येणाऱ्या घरात वाढला की हे अंगात मुरतं. ताईला वाटतं त्याला काही येत नाही. इंग्लंडमधल्या छावणीत नळ वाहता ठेवून दात घासणारी मुलं तिनं बघितलेली नाहीत.

तर दिवाळीतच तालीम करू म्हणून त्याच्या संघाची आठही लेकरं औशाच्या रानात बोलावली. सप्टेंबरच्या अतिवृष्टीनं सोयाबीन गेलेलं, बांधावर अजून चिखल, बाभळीची लाकडं ओली. गोठ्यात गेल्या वर्षीच्या तुराट्या होत्या त्या काढल्या. तुराट्या भसकन पेटतात आणि तितक्याच झटकन विझतात, त्यामुळे एक जण सारखा चुलीपाशी हवा. तो एक जण कोण यावरून वीस मिनिटं भांडण. संघनायक आमचा भाचा, तो गप्प. मीठ दोघांनी टाकलं, हळद कुणीच नाही. मग करपल्याचा वास आला. मी मागं हात बांधून लिंबाखाली उभा. आता हा सांगेल, तू तुराट्या ओढ बाहेर, तू पाणी आण. तोंड उघडलंच होतं त्यानं.

तेवढ्यात आई आली. “सरका बाजूला लेकरांनो, हात भाजतील,” म्हणत तिनं उलथनं घेतलं आणि दहा मिनिटांत वरची चांगली खिचडी वेगळी काढून, फोडणी देऊन आठ ताटं वाढली. लेकरं खूश. भाचा खरवड खात माझ्याकडं बघून म्हणाला, “मामा, तू काय करलालास तिथं नुसतं उभारून?”

आपल्याकडचा खरा वाद क्लास की कॅम्प, लष्कर की स्काउट असा नाहीच, असं मला त्या दिवशी वाटलं. आपल्याला उलथनं सोडवत नाही. आणि ते आईच्या मायेमुळंच असतं असंही नाही. दुसऱ्या दिवशी मी पथकाच्या सरांना भेटलो. प्रवेशद्वार यंदा कोण करणार, विचारलं. सर म्हणाले, मंडपवाल्याला सांगून ठेवलंय. मी माझं शुक्रवारचं प्रवचन सुरू केलं. सरांनी ते शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, “बांबू तासायला कोयता लागतो. तुमच्या तिकडं लेकराचं बोट कापलं तर काय होतं?”

मी सांगितलं, औषध लावतात, गरज पडली तर दवाखाना, पालकांना फोन आणि एक फॉर्म भरायचा.

“बरोबर. इथं संध्याकाळी दहा माणसं शाळेच्या दारात. मुख्याध्यापक म्हणणार मला विचारलं नव्हतं. माझ्याजवळ काय असतं? काहीच नाही. कोयता मंडपवाल्याच्या हातात असलेला बरा.”

सरांना वर्ग आहेत, ऑनलाइन माहिती भरायची असते, निवडणूक लागली की तीही. पथक हे त्या सगळ्याच्या वरचं आणि वेळेचा मोबदला शून्य. इथंही आम्ही फुकटच काम करतो, आणि आमच्यासारखे पुरेसे मिळत नाहीत म्हणून मुलं प्रतीक्षा यादीत थांबतात. पण मुलांना मुक्कामी नेण्याआधी मला परवाना घ्यावा लागतो, पोलिस पडताळणी होते, धोक्यांचा तक्ता भरावा लागतो : चूल, चाकू, पाणी, ॲलर्जी, कोण लक्ष ठेवणार, दर बारा मुलांमागं एक मोठं माणूस. वरिष्ठ तो बघून होकार देतात आणि पाठीशी संस्थेचा विमा असतो. ही कागदं भरताना मी नऊ वर्षं कुरकुरतोय. मुलीच्या हातात कुऱ्हाड देऊन मी चहा पीत बसू शकतो ते ह्याच कागदांमुळं, हे मला सरांच्या ओसरीवर बसल्यावर समजलं. तिकडचा मास्तर भित्रा नाही. त्याला एकट्यालाच उभं केलेलं आहे. माजी सैनिक आणले तरी पहिलं बोट कापेपर्यंतच ते धीट राहतील.

शेवटी ताईनं संमतिपत्रावर सही केली. दाजींनी पाच दिवसांच्या नोट्स मैत्रीखातर कोण देणार त्याची आधी सोय लावली. काका अजून रुसलेले आहेत.

गेल्या आठवड्यात भाच्याचा निरोप आला, “मामा, तो धोक्याचा तक्ता पाठव की. सर मागलालेत.” मी बसून मराठीत उतरवला. ट्रँजिया स्टोव्ह काढून चूल घातली, चाकूच्या जागी विळी आणि कोयता. इंग्रजी तक्त्यात विंचवाला रकाना नव्हता, तो केला. उन्हाचा मोठा केला. वादळी पावसाचा दोन्हीकडं सारखाच निघाला.

सरांचं उत्तर तासाभरात आलं. तक्ता छान आहे म्हणाले. फक्त एकच विचारलं होतं : “खाली सही कुणाची?”