पिन काढायला सांगणारे हे शहाणे कोण?

खानापुरातल्या भाच्याने काल एक मेसेज पुढे ढकलला. बेळगावच्या ग्रुपांवर तो आधीच फिरून शिळा झालाय. म्हणणं असं: कम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, म्हणजे लोकल एसएमपीएसवर, 500 वॅट लिहिलंय म्हणजे 500 वॅट, ब्रँडेड म्हणजे नुसता स्टिकर, यूपीएस असला की काही जळत नाही, महागड्याने बिल वाढतं, आणि कॅबिनेटला करंट लागत असेल तर प्लगची मोठी पिन काढून टाका. खाली भाच्याचा प्रश्न, "मामा, काढू काय?"

हात लावू नकोस! ती मोठी पिन अर्थिंगची. एसएमपीएसमध्ये वीज शिरते तिथे फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्याच्या डब्याला जोडलेले दोन छोटे कपॅसिटर असतात. त्यांतून झिरपणारा किंचित करंट अर्थिंगवाटे जमिनीत जायचा असतो. अर्थिंग नसलं की डबा 230 च्या निम्म्यावर, 115 व्होल्टच्या आसपास जातो आणि हाताला झिणझिण्या येतात. म्हणजे दुखणं अर्थिंग नसल्याचं, आणि उपाय काय, तर पिनच काढा! वर हे कपॅसिटर खास जातीचे लागतात, बिघडले तरी शॉर्ट होऊ नयेत असे. स्वस्त मालात कधी ती जागा रिकामी, कधी तिथे साधा कपॅसिटर. फेजकडचा तो शॉर्ट झाला की अख्खे 230 कॅबिनेटवर. अर्थिंग धड असेल तर फ्यूज उडेल. नसेल तर खानापूरच्या आषाढात, ओल आलेल्या फरशीवर अनवाणी उभं राहून पेनड्राइव्ह लावणारं पोर आहेच.

500 वॅटचा मोठा आकडा सोडा, खालचा बारीक तक्ता वाचा. 12 व्होल्टपुढे 16 अँपिअर असेल तर झाले 192 वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः तिथूनच ओढतात.

यूपीएस बाहेरून येणारी वीज सांभाळतो. एसएमपीएसच बिघडून मदरबोर्डला भलतं व्होल्टेज देऊ लागला तर यूपीएस काय करणार? एसएमपीएस कसा असावा हे सांगणाऱ्या इंटेलच्या एटीएक्स डिझाइन गाइडमध्ये 12 व्होल्टला वरच्या बाजूला 5 टक्क्यांची मुभा आहे, 12.6 पर्यंत. फारच वर गेलं तर एसएमपीएसने स्वतः बंद पडायचं, हेही त्यातच आहे. स्वस्तात पहिली कात्री पुष्कळदा याच सर्किटला लागते.

बरं, नुसती बिलं टाइप करायच्या, ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनवर लोकल डबा वर्षानुवर्षं चालतो, हे खरं आहे. तिथे शंभरेक वॅटही लागत नाहीत.

आणि वीजबिल? मशीनला लागते तेवढीच वीज ओढली जाते, अधिक उष्णतेत वाया जाते ती. 80 प्लस ब्रॉन्झवाला, म्हणजे वीज कमी वाया घालवतो असा शिक्का मिळालेला एसएमपीएस, निम्म्या लोडला 85 टक्के तरी पुढे पोचवतो. स्वस्त डबा तापतो कशाने, तर तुमच्याच युनिटांनी.