शेराच्या कुंपणातला युफोर्बस

बागप्रेमींच्या ग्रुपांवर एक मजकूर अधूनमधून फिरतो, सोबत शेराच्या कुंपणाचा फोटो. शेर, त्रिधारी निवडुंग, पॉइन्सेटिया यांचं शास्त्रीय नाव ‘युफोर्बिया’ कुठून आलं? तर म्हणे, ग्रीक वीर पॅट्रोक्लसला ठार करणाऱ्या ट्रॉयच्या युफोर्बस या योद्ध्यावरून. त्याच्या सांडलेल्या रक्तातून हे झाड उगवलं.

आधी ते ‘ठार करणं’. ग्रीक आणि ट्रॉयच्या युद्धावरचं होमरचं महाकाव्य ‘इलियड’, त्याच्या 16व्या सर्गात पहिला तडाखा अपोलो देवाचा. पॅट्रोक्लसचं चिलखत गळून पडतं, मग युफोर्बस मागून दोन खांद्यांच्या मध्ये भाला मारतो आणि तो उपसून घेऊन गर्दीत पळतो. जीव घेतो ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर. मरता मरता पॅट्रोक्लस त्याला सुनावतोच, मारणाऱ्यांत तू तिसरा!

रक्ताचं म्हणाल तर ते पुढच्याच सर्गात सांडतं. ग्रीक राजा मेनेलाउसचा भाला युफोर्बसच्या गळ्यातून आरपार जातो, सोन्याचांदीने बांधलेल्या त्याच्या बटा रक्तात भिजतात. होमर त्याला वादळाने उपटून टाकलेल्या ऑलिव्हच्या रोपाची उपमा देतो. तेवढंच काय ते झाड, तेही उपमेतलं.

आता नाव. इथे मजकूर सपशेल घसरतो. हा युफोर्बस योद्धा नव्हेच, वैद्य! उत्तर आफ्रिकेतल्या मॉरेटानियाचा राजा दुसरा जुबा याला अ‍ॅटलास पर्वतात ही वनस्पती सापडली आणि त्याने तिला आपल्या वैद्याचं नाव दिलं, असं रोमन लेखक प्लिनी सांगतो. या वैद्याचा भाऊ अँटोनियस मुसा, खुद्द रोमन सम्राट ऑगस्टसला बरा करणारा. या वनस्पतीचा चीक इतका जहाल, की लोक लांबूनच काठीने खोड टोचत आणि खाली करडाच्या पोटाची पिशवी धरत. शेराची फांदी मोडल्यावर चिकाचा हात चुकून डोळ्याला लागलेल्याला हे वेगळं सांगायला नको. पुढे 1753 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने तेच नाव प्रजातीला कायम केलं.

‘पायथागोरस स्वतःला मागच्या जन्मीचा युफोर्बस म्हणवायचा’ ही मजकुरातली शेवटची ओळ मात्र हवेतली नाही, तशी जुनी आख्यायिका आहे. देवळात टांगलेली ढाल त्याने ‘ही माझी’ म्हणून ओळखली, म्हणतात. फक्त देऊळ कुठलं, यावर जुन्या लेखकांचंच एकमत नाही.

योद्ध्याच्या नावाचं खरोखर काही हवं असेल तर वर आकाशात बघा. गुरूच्या कक्षेत ‘4063 युफोर्बो’ नावाचा लघुग्रह आहे. तिथल्या लघुग्रहांचे दोन गट, एक ग्रीकांचा, एक ट्रॉयवाल्यांचा. आपला ट्रॉयवाला नेमका ग्रीकांच्या छावणीत जाऊन बसलाय.